पारा गेला, बिस्मथ आलं: स्ट्रिपिंगमागची गोष्ट
पुण्यात ज्यांनी जुन्या काळी अ‍ॅनॅलिटिकल केमिस्ट्रीत एमएस्सी केलंय त्यांना पाण्यातले धातू मोजायला थेंब थेंब पारा गाळणारं यंत्र, पोलरोग्राफ, आठवत असेलच. ती पद्धत 1922 ची, प्रागमधली, 1959 ला तिला नोबेलही मिळालं. पण पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा 10 पीपीबी (अब्जात दहा भाग), आणि तिथवर हिची नजर पोचतच नाही.

तोडगा पन्नाशीच्या दशकातला, स्ट्रिपिंग. पाऱ्याचा एकच थेंब लटकवून ठेवायचा, निगेटिव्ह व्होल्टेजवर काही मिनिटं त्यात पाण्यातला धातू जमू द्यायचा, मग व्होल्टेज उलटं सरकवत नेलं की भिशीसारखं साठलेलं सगळं एकदम बाहेर, ग्राफवरचा पीक (उंचवटा) मोठा. सत्तरीत ग्लासी कार्बनच्या (काचेसारख्या गुळगुळीत कार्बनच्या) इलेक्ट्रोडवर पाऱ्याची पातळ फिल्म आली आणि माझ्या मते खरा बहर तोच. जस्त, कॅडमियम, शिसं, तांबं एकाच स्कॅनमध्ये, तेही पीपीबीच्या खाली. भानगडी होत्याच, फिल्ममध्ये तांबं आणि जस्त एकमेकांना चिकटतात मग जस्त कमी दिसतं, त्यासाठी वरून गॅलियम घालायचं.

2000 मध्ये पाऱ्याच्या जागी बिस्मथ या धातूची फिल्म आली, 2013 मध्ये पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला, 2017 ला तो लागू झाला आणि लॅबोलॅबी पाऱ्याच्या बाटल्या बाहेर निघाल्या. आता करारात संशोधनासाठीच्या वस्तूंना चक्क सूट आहे, पण ते वाचतो कोण, वरून तोंडी फर्मान आलं की कपाट रिकामं. सांडलेला पारा फरशीच्या फटीतून वेचणाऱ्या लॅब असिस्टंटला विचाराल तर तो म्हणेल बरं झालं, आणि त्याचं चूक नाहीच. शिसं-कॅडमियमला बिस्मथ छान चालतं, सॅम्पलमधला ऑक्सिजन काढायची कटकटही कमी. पण तांब्याचा पीक बिस्मथच्या स्वतःच्या पीकला खेटूनच येतो. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिणारे घरोघरी, म्हणजे नेमका हवा तोच धातू अवघड झाला, हे फर्मान काढताना कुणी बोललंच नाही.

आता बहुतेक सॅम्पल आयसीपी-एमएसला, म्हणजे प्लाझ्मात अणू मोजणाऱ्या मोठ्या मशीनला जातात. फक्त ते एकूण शिसं सांगतं, स्ट्रिपिंग मात्र मोकळं किंवा सैल बांधलेलं तेवढंच पकडतं. मुठा नदीसारख्या सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात बरंच शिसं सेंद्रिय पदार्थांना धरून बसतं, त्यामुळे अ‍ॅसिड घालून डायजेस्ट न करता (म्हणजे ते शिसं मोकळं न करता) दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले तर स्ट्रिपिंगचाच कमी येणार, त्यात मशीनला दोष देऊ नये.