पेशंट किती आणि टक्के किती: कोल्हापूरच्या शटरमागचे दोन आकडे

2021 च्या जूनमध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळं आमच्या दाजींचं महाद्वार रोडवरचं कापडाचं दुकान बंद होतं. रोज सकाळी ते अर्धं शटर वर करायचे, आत जाऊन देवाला उदबत्ती लावायचे आणि परत शटर ओढून शेजारच्या पायरीवर बसायचे. तिथं चार-पाच दुकानदार जमले की विषय एकच. "पुण्यात लाखांनी पेशंट झालं, तिथं दुकानं सुरू. आमचं तेवढं बंद. ही कुठली तऱ्हा?"

राग समजण्यासारखाच होता. 2 मेला गोकुळ दूध संघाची निवडणूक झाली होती, ठरावधारकांनी, म्हणजे दूध संस्थांच्या प्रतिनिधींनी, केंद्रावर जाऊन मतं टाकली होती. मतपेटी चालते आणि साडीचा गठ्ठा चालत नाही, हे कुठल्याही दुकानदाराला पटायला अवघडच. पण पायरीवरच्या त्या चर्चेत एक गोंधळ कायम असायचा. दाजी बोलायचे रुग्णसंख्येबद्दल आणि कुलूप लागलं होतं पॉझिटिव्हिटी रेटमुळे. दोन्ही आकडे पेपरात शेजारी शेजारी छापून यायचे, दोन्ही वाढले की वाईट वाटायचं, म्हणून ते एकच आहेत असं धरलं जायचं.

रुग्णसंख्या म्हणजे तपासणीत सापडलेली माणसं. तीही दोन प्रकारची: आजची आणि सुरुवातीपासूनची एकूण. पुण्याचे लाखो रुग्ण ही मागची सगळी बेरीज होती, त्या आठवड्याचा हिशेब नव्हता. खरं सांगायचं तर त्या दिवसांत आपला रोजचा आकडाही काही लहान नव्हता. मुंबई-पुण्याची दुसरी लाट ओसरत होती तेव्हा कोल्हापूरची चढत होती.

पॉझिटिव्हिटी रेट म्हणजे केलेल्या दर 100 तपासण्यांत पॉझिटिव्ह किती निघाल्या ते. वर पॉझिटिव्ह, खाली एकूण तपासण्या. त्या खालच्या आकड्याकडे, म्हणजे भाजकाकडे, पायरीवर कुणाचंच लक्ष नसायचं.

आपल्याकडं ही गोष्ट डेअरीवर पटकन कळते. दूध घालायला गेलं की दोन नोंदी होतात, लिटर किती आणि फॅट किती लागली. 10 लिटर घालणारा 5 लिटरवाल्यापेक्षा जास्त दूध घालतो, पण त्याची फॅट जास्त असेलच असं नाही. लिटर म्हणजे रुग्णसंख्या, फॅट म्हणजे पॉझिटिव्हिटी. आणि दर फॅटवर ठरतो हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं.

राज्य सरकारनंही तसंच केलं. 4 जूनच्या आदेशानं 7 जूनपासून जिल्ह्यांचे पाच स्तर झाले. आठवड्याचा पॉझिटिव्हिटी रेट आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत, या दोनच गोष्टींवर स्तर ठरायचा. रेट 5 टक्क्यांच्या आत आणि बेड 25 टक्क्यांच्या आत असतील तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. रेट 5 ते 10 असेल तर तिसरा: दुकानं दुपारी 4 पर्यंत, शनिवार-रविवार अत्यावश्यक सोडून बंद. 10 ते 20 असेल किंवा ऑक्सिजन बेड 60 टक्क्यांच्या वर भरले असतील तर चौथा: किराणा, दूध, औषधं सोडून बाकीची शटर खाली. कोल्हापूर चौथ्यात गेलं. दाजींची साडी अत्यावश्यक नव्हती. लग्नाला 25 माणसं म्हटल्यावर तशीही कुणी बस्ता बांधायला येणार नव्हतं, हा भाग वेगळा.

आता समजा दोन गावं आहेत. एका गावात 1000 जणांची तपासणी झाली, 50 पॉझिटिव्ह आले. रेट 5 टक्के. दुसऱ्या गावात 200 जण तपासले, 30 पॉझिटिव्ह. रेट 15 टक्के. पेशंट कमी दुसऱ्या गावात आणि कुलूपही दुसऱ्याच गावाला. दाजी याला अन्याय म्हणतील. डॉक्टर म्हणतील, दुसऱ्या गावाची काळजी जास्त, कारण इतक्या कमी लोकांत इतके सापडले म्हणजे न सापडलेले बरेच फिरत असणार. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या मे महिन्यात सांगितलं होतं की व्यवहार खुले करण्याआधी रेट किमान दोन आठवडे 5 टक्क्यांच्या खाली हवा. त्यामागं हाच विचार होता: तपासणीचं जाळं पुरेसं मोठं आहे का.

इथं मी डॉक्टरच्या बाजूनं आहे. पण अर्धाच.

कारण फॅट कशी काढतात? दूध ढवळून. न ढवळता वरचं सॅम्पल घेतलं तर साय येते आणि फॅट फुगते. ज्यांना ताप आहे, धाप लागलीय, त्यांचीच तपासणी झाली तर रेट चढणारच, ते वरवरचं सॅम्पल. उलट कामावर जायला, प्रवासाला, नाक्यावर दाखवायला रिपोर्ट हवा म्हणून धडधाकट माणसं रांगेत लागली की तेच सॅम्पल पातळ होतं. त्या वर्षी कर्नाटकात शिरताना कोगनोळीला निगेटिव्ह रिपोर्ट मागायचे ते आठवत असेल. असा प्रत्येक निगेटिव्ह रिपोर्ट भाजकात एकानं भर घालतो.

त्या दुसऱ्या गावात पुढच्या आठवड्यात 200 ऐवजी 800 तपासण्या केल्या असं धरू. जास्तीच्या 600 मध्ये समजा आणखी 18 सापडले. पेशंट 30 वरून 48 झाले आणि रेट 15 वरून 6 टक्क्यांवर आला. पेपरात मथळा येणार ‘रुग्णवाढ’ आणि त्याच आठवड्यात गाव चौथ्या स्तरातून तिसऱ्यात. एक आकडा वर गेला, दुसरा खाली आला आणि खोटा दोन्हींत कुठलाच नाही. चिडलेल्या माणसाला हे सांगायला गेलं तर तो म्हणतो, "म्हणजे आकड्यांचा खेळच की!" एका अर्थानं त्याचंही खरं असतं.

सरकारलाही हा खेळ दिसला असावा. 25 जूनला नवा आदेश आला: रेट काढताना फक्त प्रयोगशाळेतली आरटीपीसीआर तपासणी धरायची, झटपट होणारी अँटिजेन नाही. अँटिजेनचा निकाल पटकन मिळतो, पण थोडा संसर्ग असेल तर ती चुकते, म्हणून तिच्यात निगेटिव्ह जास्त. वरच्या 800 पैकी 500 अँटिजेन असतील आणि त्यांत 13 पॉझिटिव्ह असतील, तर उरलेल्या 300 आरटीपीसीआरमध्ये 35 येतात. रेट साडेअकराच्या पुढं. तीच माणसं, तोच आठवडा आणि गाव परत चौथ्या स्तरात. त्याच आदेशानं रेट कितीही खाली आला तरी कुठलाच जिल्हा पहिल्या-दुसऱ्या स्तरात जाणार नाही असंही ठरलं, डेल्टा प्लस या कोरोनाच्या नव्या प्रकाराच्या धास्तीनं. म्हणजे 5 टक्क्यांच्या आत या, मग सगळं खुलं, हा तीन आठवड्यांपूर्वीचा शब्दही गेला. माझ्या मते पायरीवरच्या खऱ्या रागाला इथं कारण मिळालं. फॅटवर दर ठरवा, हरकत नाही, पण हंगामाच्या मध्यात मशीन बदलू नका.

दुसरं कारण भूगोलाचं. 30 मेच्या आदेशात 2011 च्या जनगणनेप्रमाणे 10 लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांचा हिशेब त्यांच्या जिल्ह्यापासून वेगळा धरला होता. म्हणून पुणे शहर वेगळं, नागपूर वेगळं. कोल्हापूर शहर त्या जनगणनेत साडेपाच लाखांचं. त्या निकषात न बसणारं शहर जिल्ह्याच्याच मापात, म्हणजे गगनबावड्यापासून चंदगडपर्यंतचे बाराही तालुके आणि शहर मिळून एकच रेट. डेअरीवर प्रत्येकाची फॅट वेगळी काढतात. इथं अख्ख्या जिल्ह्याचं दूध एका टाकीत ओतून एकच सॅम्पल घेतलं आणि गुजरीतल्या सराफाला शिरोळच्या तापाचा दर लागला. बेडचंही तेच. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात सिंधुदुर्गातून, सीमाभागातून माणसं येतात, ती वर्षानुवर्षं येतातच. बेड त्यांनी भरला तरी टक्केवारी कोल्हापूरच्या नावावर.

पुढं 2 ऑगस्टला राज्यानं बऱ्याच जिल्ह्यांत दुकानं रात्री 8 पर्यंत उघडू दिली तेव्हा 11 जिल्हे तिसऱ्या स्तरातच ठेवले. त्यांत कोल्हापूर, सांगली, साताराही होते आणि या वेळी पुणंही होतं. तोवर पंचगंगेचं पाणी येऊन गेलं होतं. दुकानदार चिखल काढत होते, त्यामुळं पुण्याचं नाव वाचून खूश व्हायलाही कुणाला सवड नव्हती. स्वातंत्र्यदिनापासून राज्यभर रात्री 10 पर्यंत मुभा मिळाली.

दाजींना मी हे दुधाचं उदाहरण जूनच्या शेवटी पायरीवर बसूनच सांगितलं होतं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पाव्हणं, मी जाऊन निगेटिव्ह आलो तर टक्का खाली येतोय?" म्हटलं, हो, केसभर का होईना. दुसऱ्या दिवशी ते दुकानातल्या दोन्ही पोरांना घेऊन तपासणीला गेले. तासाभरात फोन आला, तिघंही निगेटिव्ह, आवाजात सोसायटीची निवडणूक जिंकल्याचा थाट. तासाभरात निकाल म्हणजे अँटिजेन हे माझ्या लगेच लक्षात आलं. 25 तारीख उलटून गेली होती. मी काही बोललो नाही.