अपूर्णांकलेखन, मोडी हिशेबातील

पाव व सोळांश दाखविण्यासाठी पूर्णांकापुढे रेघा ओढण्याची, मोडी दप्तरांत रूढ असलेली रीत. रुपयाचे सोळा आणे, म्हणून दर चार आण्यांस एक उभी रेघ आणि उरलेल्या एक ते तीन आण्यांस तितक्याच आडव्या किंवा तिरप्या रेघा. ७॥।= म्हणजे सात रुपये चौदा आणे; ५।- म्हणजे पाच रुपये पाच आणे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत असलेल्या कारकुनाला ही चिन्हे उलगडून सांगावी लागत नसत.

उगमाविषयी एकमत नाही. परंपरा मोडी लिपीचेच जनकत्व यादवांचा मंत्री हेमाद्री (तेरावे शतक) याला देते. त्यामुळे ही चिन्हेही त्याचीच मानावीत का, असा प्रश्न येतो. मात्र मोडी हे नागरीच्या जलद लेखनातून क्रमाने घडलेले वळण असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय गुजराती, कैथी, महाजनी या लिप्यांत हीच रीत आढळते आणि बंगालीतही आण्यांसाठी तिरप्या रेघा व चार आण्यांसाठी उभी रेघ आहे. एवढा विस्तार पाहता एका व्यक्तीच्या शोधापेक्षा व्यापारी वर्गाचा सामाईक वारसा मानणे सयुक्तिक ठरते. काळ निश्चित करणे कठीण आहे.

वाचनात खरी अडचण उभ्या रेघेची. पावाची रेघ आणि दंड (वाक्यान्तीची उभी रेघ) दिसायला सारखेच. भेद केवळ जागेवरून कळतो. अंकाला लगटून असलेली रेघ बहुधा पाव समजावी. छापील मजकुरात पाऊण ॥। असा, तिसरी रेघ सुटी ठेवून दिसतो, छपाईच्या खिळ्यांत । आणि ॥ तयार मिळत, हे त्याचे कारण असावे. आणखी एक रेघ ओढून रक्कम वाढविणे सोपे असल्याने हुंडीत (पैसे देण्याच्या लेखी आज्ञेत) आकड्यासोबत अक्षरी रक्कम व तिचे निमे लिहीत. मोडी वाचायला शिकणाऱ्याने मुळाक्षरांइतकाच सराव या रेघांचा करावा. एका रेघेची चूक साऱ्या ताळेबंदाचा अर्थ बदलते.

वजनमापांतही ही चिन्हे वापरीत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर त्यांचे प्रयोजन सरले. संगणकावरील अक्षरांचे प्रमाण असलेल्या युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत (२००९) उत्तर भारतीय अपूर्णांकांसह अशी दहा चिन्हे समाविष्ट झाली. मोडी लिपी ७.० आवृत्तीत (२०१४) आली.