पहाटेचं स्वप्न आणि सादळलेली वही

कथेसाठी स्वप्न धरायचं तर पहाटेचंच. पहाटेची स्वप्नं खरी होतात की नाही, ते आजीला विचारा. इथे मुद्दा झोपेच्या वेळापत्रकाचा आहे. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं. त्याच्या अखेरीस पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात आणि सर्वांत ठसठशीत स्वप्नं बहुधा तेव्हाच पडतात. शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 साली हा टप्पा जगापुढे मांडला. पहिल्या चक्रात तो जेमतेम काही मिनिटांचा असतो, पहाटेपर्यंत बराच लांबतो.

या वेळी मेंदूतला तर्काचा कारभार मंदावतो आणि भावनांचा जोरात चालतो. त्यामुळे स्वप्न चित्र देतं, भावना देतं. कार्यकारण देत नाही. ते जागेपणी आपल्यालाच घालावं लागतं.

जाग आली की कूस बदलू नका, डोळेही उघडू नका. शेवटचं चित्र धरा आणि एकेक पाऊल मागे जा: याच्या आधी कुठे होतो? मग लिहा. मोबाइलवर एक मेसेज वाचलात की स्वप्न गेलंच. जुलैत आपल्याकडे वही सादळते, जेल पेनची शाई फुटते. शिसपेन्सिल वापरा आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पहिला शब्द भावनेचा, पुढे चार-पाच ओळी पुरे. या नोंदीत ‘म्हणून’ आणि ‘कारण’ लिहायचं नाही. सांगता सांगता मन रिकाम्या जागा परस्पर बुजवतं, आणि विचित्रपणा, म्हणजे नेमका आपल्या कामाचा माल, हातचा जातो. फक्त ‘मग’ चालेल. स्वप्नासाठी रात्री तीनचा गजर मात्र लावू नका. चार दिवसांत झोपही जाईल आणि लिहिणंही.

समजा, नोंद अशी आहे: ‘लाज. माजघरात गुडघाभर खारं पाणी. मग आजीची पितळी कळशी लिलावात. मग बोली मी लावतेय, आवाज फुटत नाही.’

लिलाव आदल्या दिवशी हर्णै बंदरावर पाहिलेला. दिवसाचा असा उष्टा माल स्वप्नात हमखास येतो. पाणी सर्वांत देखणं, त्यामुळे नवखा लेखक तेच धरून बसतो आणि शेवटी ‘तिला जाग आली’ म्हणून सुटका करून घेतो. (संपादक तिथेच पान मिटतो.) कथा लाजेत आहे. स्वतःच्याच आजीची कळशी सोडवताना लाज कसली? जागेपणी सुचलेलं एक उत्तर: ती गुपचूप गहाण या बोली लावणाऱ्या नायिकेनेच टाकली होती. आता लिलाव बंदरावर नको, तालुक्याच्या पतपेढीत हवा. आवाज न फुटणं तसंच राहू द्या. आणि पाण्यातलं एवढंच ठेवा: माजघराच्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, मिठाची पांढरी रेघ.