महीच्या खाडीतील पाण्याची ऋतुवार तपासणी

मही नदी खंबातच्या आखाताला मिळते त्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाण्याची प्रत ऋतुमानाप्रमाणे मोजून नोंदवण्याचे काम. खाडीच्या दक्षिण काठावर पादरा आणि जंबुसर हे तालुके, उत्तरेला आणंद जिल्हा. बडोद्याच्या मराठी घरांत ही खाडी माहीत असते ती कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवामुळे. भरतीत देऊळ पाण्याखाली जाते, म्हणून दर्शनाला निघण्याआधी तिथी पाहून वेळ काढावी लागते. पाण्याचे नमुने घेणाऱ्यालाही हेच करावे लागते, आणि पुष्कळ नोंदी इथेच फसतात.

उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. भारताच्या किनाऱ्यावर याहून मोठा फरक आढळत नाही. दांडीयात्रेतील तुकडीलाही १९ मार्च १९३०च्या रात्री कंकापुऱ्याहून मही ओलांडून पलीकडे कारेलीला जाताना भरतीच्या हिशेबानेच निघावे लागले आणि वर गुडघाभर चिखल तुडवावा लागला. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे एका सोमवारी सकाळी दहाला भरती असेल, तर पुढच्या सोमवारी त्याच वेळी साधारण ओहोटी असते. पहिल्या सोमवारी उधाण असेल तर तेही सरून भांग, म्हणजे लहान भरतीचा काळ, आलेला असतो. ‘दर सोमवारी दहा वाजता’ हे वेळापत्रक कचेरीला सोयीचे, पण त्यातून एकदा समुद्राचे पाणी मोजले जाते आणि एकदा नदीचे. पाणी सुधारले की बिघडले, हे अशा आकड्यांवरून सांगता येत नाही. म्हणून एकाच ठिकाणी पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी अशा दोन्ही वेळी नमुने घेणे हा किमान नियम, आणि प्रत्येक बाटलीमागे क्षारतेची नोंद हवीच.

क्षारतेवाचून बाकीचे आकडे मुके राहतात. तीस अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर हजारी ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात प्राणवायू सहा भरला तर पाणी जवळपास संपृक्त आहे; तोच आकडा जानेवारीच्या थंड, कमी खाऱ्या पाण्यात आला तर कुठेतरी खेच लागली आहे. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांचे आकडे क्षारतेसमोर मांडून आलेख काढतात. बिंदू सरळ रेषेत पडले तर नदी आणि समुद्र यांची नुसती सरमिसळ झाली. रेषेच्या वर उसळले तर मध्येच कुठून तरी भर पडते आहे, खाली गेले तर ते पदार्थ वाटेत खर्च होत आहेत.

भर कुठून पडते, याचा संबंध बडोद्याशी येतो. शहराच्या पाण्याचा मोठा हिस्सा महीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींतून, म्हणजे वाळूत आडव्या नळ्या पसरून पाणी ओढणाऱ्या विहिरींतून, येतो. वापरलेले पाणी मात्र विश्वामित्री नदीतून ढाढर नदीमार्गे त्याच आखाताच्या किनाऱ्याला, महीच्या दक्षिणेस, निघते. कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्याने जंबुसर तालुक्यातील सारोदजवळ महीच्या खाडीत सोडले जाते. त्यामुळे तपासणीची ठिकाणे कालव्याच्या मुखाच्या वर, खाली आणि समोरच्या काठाला अशी ठेवावी लागतात. भरती सांडपाणी वरच्या अंगालाही ढकलते, हे विसरले तर ‘वरचे’ ठिकाण स्वच्छ पाण्याचे प्रमाण म्हणून उपयोगी राहत नाही.

प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पद्धती इथे जशाच्या तशा चालत नाहीत. प्राणवायू मोजण्याच्या विंकलर पद्धतीत बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले की साका धरतो: तपकिरी असला तर प्राणवायू आहे, पांढरा असला तर नाही. महीचे पाणी मुळातच गाळाने मातकट असते, त्यात हा रंग ओळखू येत नाही. आधी तुरटीने गाळ बसवून वरचे पाणी हलक्या हाताने काढून घ्यावे लागते. सीओडीची, म्हणजे पाण्यातील घाण रासायनिक रीतीने जाळायला किती प्राणवायू लागेल त्या मापाची, गोष्ट याहून बिकट. ते मोजायला घातलेले डायक्रोमेट हे रसायन मिठातले क्लोराइडही खाते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे १९ ग्रॅमच्या घरात क्लोराइड असते, म्हणजे मर्क्युरी सल्फेटने ते बांधले नाही तर नुसत्या मिठापायी लिटरमागे चार हजार मिलिग्रॅमवर खोटा सीओडी दिसेल. क्लोराइड दोन हजार मिलिग्रॅमच्या वर गेले की ही पद्धत वापरू नये असे सांगितले जाते. तरीही खाडीच्या अहवालांत सीओडीचा रकाना बिनदिक्कत भरलेला दिसतो.

गढूळपणाचे निकषही इथे अडतात. किनारी पाण्याच्या सरकारी वर्गवारीत स्नानयोग्य वर्गाला गढूळपणा ३० एककांपर्यंत (एनटीयू) चालतो. भरतीच्या ओढीने तळ सतत ढवळला जाणाऱ्या या आखातात एकही कारखाना नसता तरी तो पाळला गेला नसता. या गाळाचा एक उलटा फायदा असा की उजेड खोल जात नाही, त्यामुळे नायट्रेट भरपूर असूनही शेवाळ माजत नाही. धातू मात्र गाळाच्या कणांना चिकटून खाली बसतात, म्हणून ते पाण्यापेक्षा तळाच्या चिखलात शोधलेले बरे.

ऋतूंपैकी उन्हाळ्यात नदीचा जोर नसतो. महीवर बांसवाड्याचे माही बजाज सागर, पुढे कडाणा आणि वणाकबोरी अशी अडवणूक असल्याने कोरड्या महिन्यांत खाली थोडेच पाणी उतरते आणि खारेपणा वर चढतो. सांडपाणी पातळ करायला तेव्हा समुद्राशिवाय कोणी नसते. हिवाळ्यात पाणी थंड, प्राणवायू चांगला आणि होडीही सहज मिळते, त्यामुळे नोंदी याच महिन्यांत दाट सापडतात. पहिल्या मोठ्या पावसात गटारे, शेते आणि नाल्यांत वर्षभर साचलेले एकदम खाली येते. प्राणवायू तेव्हा झपाट्याने उतरू शकतो, तर नंतरच्या पुरात तेच पाणी पातळ होऊन आकडे चांगले दिसू लागतात. या दोन अवस्थांत थोड्याच दिवसांचे अंतर असते. नेमके तेव्हाच खाडीत होडी घालणे धोक्याचे, काठ निसरडा, रस्ते बंद. वार्षिक सरासरी काढताना म्हणूनच पावसाळ्याचे किती नमुने खरोखर घेतले गेले, ही संख्या सरासरीच्या शेजारी छापलेली असावी लागते.