वृद्धांतील तीव्र श्वसनविकार : आनुवंशिक जोखीम

न्यूमोनिया, इन्फ्लुएन्झा किंवा कोविड-१९ एका वृद्धाला चार दिवसांच्या तापावर सोडतो आणि त्याच वयाच्या दुसऱ्याला ऑक्सिजनवर नेतो. यामागे वय, मधुमेह, धूम्रपान यांबरोबर जनुकांतील जन्मजात फरकही असतात.

यांपैकी विशेष गाजलेला फरक तिसऱ्या गुणसूत्रावरचा. सुमारे ५०,००० बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षर-जोड्यांचा, हा तुकडा निअँडरथल या नामशेष मानवाकडून आल्याचे ह्यूगो झेबर्ग व स्वांते पेबो या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक प्रत आहे. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांकडे, पूर्व आशियात जवळजवळ कोणाकडेच नाही. तो असल्यास कोविड गंभीर होण्याची शक्यता वाढते, पण हा परिणाम साठीच्या आतल्या रुग्णांत अधिक ठळक दिसतो. साठीनंतर वय स्वतःच इतके भारी पडते की जनुकाचा वाटा त्यात झाकला जातो. बाराव्या गुणसूत्रावरचा निअँडरथलांचाच दुसरा तुकडा मात्र काहीसे संरक्षण देतो.

अकराव्या गुणसूत्रावरील एमयूसी५बी जनुकाच्या एका प्रकाराने उतारवयात फुप्फुसे राठ होण्याचा, म्हणजे फायब्रोसिसचा, धोका वाढतो. फुप्फुसांना जपणाऱ्या अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची आनुवंशिक कमतरता भारतात विरळ आहे.

सोलापुरात ‘आमच्या घराण्यातच दमा आहे’ हे वाक्य जपून ऐकावे लागते. पूर्व भागातल्या अनेक तेलुगू भाषक पद्मशाली घरांत चादरी-टॉवेलचे माग घरालगतच चालत आले. बापाकडून मुलाकडे जनुके आली, तसा मागही आला आणि सुताची धूळही. घरातल्या बायका विड्या वळत असतील तर तंबाखूची भुकटी वेगळीच. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही खूण रक्ताच्या नात्याशी निगडित नाही. सगळे भाऊ एकाच कारखान्यात असतील, तर निव्वळ कुटुंबाच्या इतिहासावरून आनुवंशिकता ठरवणे फसवे. कारखान्यात कधीच न गेलेल्या भावाला किंवा परगावी दिलेल्या बहिणीला धाप लागते का, हे विचारल्यास अधिक कळते.

अनेक जनुकांची बेरीज करून काढलेले जोखीम-गुणांक बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असल्याने येथे कमी नेमके ठरतात. इन्फ्लुएन्झा व न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जीवाणू) यांची लस वृद्धांना वय आणि इतर आजार पाहून सुचवतात. त्यासाठी जनुकचाचणी लागत नाही.