चेंबूरच्या एका गल्लीत चार भाषा कशा आल्या

सकाळी साडेसहाला घरातून निघून चेंबूर स्टेशनपर्यंत चालत गेलं की दहा मिनिटांत चार भाषा कानावर पडतात. तामिळ मामी दारात कोलम काढत असतात, वरून विष्णुसहस्रनाम ऐकू येतं, दूधवाल्या भैयाची हाक येते, कॅम्पातले एखादे काका फोनवर सिंधीत बोलत चाललेले असतात आणि आपण सगळ्यांशी मराठी-हिंदीची खिचडी करून बोलतो. मी इथेच वाढलो, त्यामुळे यात काही विशेष आहे हे बरीच वर्षं कळलंच नाही.

मुळात हे आगरी-कोळी आणि ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळ मराठी ख्रिस्ती) लोकांचं गाव. घाटला, चेंबूर गावठाण या भागात अजून जुनी घरं आणि क्रूस दिसतात. कुर्ल्याहून इथे रेल्वे आली ती १९०६ मध्ये आणि तीही शहराचा कचरा देवनारकडे न्यायला, प्रवासी गाड्या सुरू झाल्या १९२४ मध्ये! शहराच्या दृष्टीने ही कडेची जागा होती आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यातूनच झालं, कारण जागा मोकळी आणि स्वस्त होती.

१९४७ नंतर फाळणीत सगळं सोडून आलेल्या सिंधी लोकांना इथे वसवलं, तोच आजचा चेंबूर कॅम्प. बॅरॅकीत संसार सुरू करून त्यांनी दुकानं टाकली, मिठाया केल्या, रविवारी दाल-पकवानसाठी आजही तिथे गर्दी असते आणि त्यात आम्ही मराठी लोकही कमी नसतो. पण मला जास्त मोठी वाटते ती शिक्षणाची गोष्ट. स्वतः निर्वासित म्हणून आलेल्या हशू अडवाणींनी १९६२ मध्ये विवेकानंद एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिच्या शाळा-कॉलेजांतून चेंबूरच्या सगळ्याच भाषांची मुलं शिकली.

मग आले कारखाने. १९५० च्या दशकात माहुल-ट्रॉम्बे पट्ट्यात दोन रिफायनऱ्या, टाटांचं वीज केंद्र आणि अणुऊर्जेचं केंद्र (ज्याला १९६७ पासून भाभांचं नाव आहे), त्यानंतर खताचा कारखाना. तिथे लागणारे इंजिनिअर, केमिस्ट, क्लार्क, फिटर देशभरातून आले. माटुंग्यात जागा परवडेना म्हणून तामिळ आणि मल्याळी कुटुंबं इकडे सरकली, छेडानगरात मुरुगन मंदिर झालं, फाइन आर्ट्स सोसायटीत कर्नाटक संगीताच्या मैफली होऊ लागल्या. याची किंमतही चेंबूरने दिली, कारखान्यांच्या वासाने रात्री खिडक्या लावून घेतलेल्या मला आठवतात, घरात कोणाला दमा असेल तर फारच त्रास.

मराठी मध्यमवर्ग मोठ्या संख्येने आला तो हौसिंग बोर्डाच्या कॉलन्यांमुळे. टिळकनगर, सुभाषनगर, सहकारनगर, छोट्या खोल्या, कॉमन जिना आणि मध्ये मैदान. टिळकनगरचा गणपती बघायला आता लांबून लोक येतात. जवळच सिद्धार्थ कॉलनीत १४ एप्रिलची तयारी आठवडाभर आधीपासून दिसते. राज कपूरचा आर. के. स्टुडिओही इथेच होता, तो २०१७ च्या आगीनंतर गेला.

ही सरमिसळ टिकली याचं कारण मला घरं कशी मिळाली त्यात दिसतं. कुणाला निर्वासित म्हणून, कुणाला नोकरीमुळे, कुणाला बोर्डाच्या वाटपात घर मिळालं, शेजारी कोण हवा ते आपण ठरवायचंच नव्हतं. भांडणं झाली, पाण्यावरून झाली, मासे तळल्याच्या वासावरून तर हमखास. पण भांडणाऱ्या घरीच किल्ली ठेवून लोक गावाला जायचे, आणि मामींकडे सांबाराला गेलेली वाटी रिकामी परत यायची नाही.

आता फ्रीवे, लिंक रोड, मोनो आली, भाव चढले आणि जुन्या कॉलन्या एकेक करून रिडेव्हलपमेंटला गेल्या. टॉवरमध्ये येणारी माणसंही वेगवेगळ्या भाषांची असतात हे खरं, पण आत येतो तो ज्याला परवडतं तोच, आणि काही ठिकाणी तर घर दाखवायच्या आधीच व्हेज की नॉनव्हेज ते विचारतात. आमची बिल्डिंग पुढच्या वर्षी रिकामी करायची आहे. समोरच्या मामी मुलाकडे बंगळुरूला जाताहेत, नवीन घर तयार झालं की परत येणार म्हणतात, त्यांची किल्ली अजून आमच्याकडेच आहे.