दमास्कस नळीची इंग्रजी दुनळी बंदूक

दमास्कस नळीची इंग्रजी दुनळी बंदूक : लोखंड व पोलाद यांच्या कांबी पिळून, सांधून घडविलेल्या दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली, छर्‍यांची शिकारी बंदूक. लंडन व बर्मिंगहॅम येथील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तिला आजचे रूप दिले. जुनी बंदूक हाती आली की निर्मात्याचे नाव आणि कोरीवकाम आधी डोळ्यांत भरते. जाणकार आधी नळीची जाडी मोजतो. दस्ता नवा बसविता येतो, कमान नवी करता येते, पण आतून घासून गेलेली नळी पूर्वीइतकी जाड करता येत नाही.

जोसेफ मँटन (१७६६–१८३५) यांनी दोन नळ्यांमधील उंच पट्टीचे पेटंट १८०६ मध्ये घेतले. फ्रान्समधील लफोशे यांची मधोमध मोडणारी बंदूक १८५१ च्या लंडन प्रदर्शनात आली आणि ठासणीच्या बंदुकीचे दिवस सरू लागले. लंडनचे बंदूक-निर्माते पर्डी यांचा, मिटलेल्या नळ्या घट्ट धरणारा दुहेरी पकडीचा सरकबोल्ट (१८६३) व तो उघडणारी स्कॉट यांची वरची तरफ (१८६५) यांची जोडी पुढे सर्वमान्य झाली. वेस्टली रिचर्ड्‌स कारखान्यातील अँसन व डीली यांनी १८७५ मध्ये घोडे आत घेतले. नळ्या खाली झुकल्या की ते आपोआप चढतात. बीस्ली यांची १८८० ची कळेची (बार उडविणार्‍या यंत्रणेची) रचना पर्डी आजही वापरतात.

नाव व उगम : ‘दमास्कस’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. तलवारींसाठी नावाजलेले दमास्कस पोलाद म्हणजे बहुधा दक्षिण भारतातील मुशीत वितळवलेले वुट्झ. त्यातील लहरी जास्त कार्बनामुळे धातूच्या पोटातच उमटतात. बंदुकीच्या नळीवरील नक्षी मात्र दोन वेगळ्या धातूंचे थर सांधून व पिळून आणलेली असते. वुट्झच्या नळ्याही भारत-इराणकडे झाल्या, पण तो वेगळा प्रकार होय. पिळाच्या तंत्राच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते ते युरोपातच वाढले; माद्रिदचे कारागीर नालांचे जुने लोखंड सांधून नळ्या करीत आणि इंग्लंडमध्ये नालांच्या खिळ्यांपासून ‘स्टब ट्‌विस्ट’ नळी होई. दुसर्‍या मतानुसार ऑटोमन तुर्कांच्या नळ्या युरोपात पोहोचल्या व त्यांची नक्कल झाली. तुर्की नळ्यांवर युरोपीय कळ व दस्ता चढविलेल्या बंदुका संग्रहालयांत आढळतात, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र जुने खिळे व तुकडे सांधून वापरण्याची सवय युरोपात आधीपासून होती, हेही विसरून चालत नाही. इंग्लंडमध्ये हे काम साधारणतः १८०० नंतर रुळले असावे.

घडण : लोखंड-पोलादाच्या पट्ट्यांची चवड भट्टीत एकजीव करून तिच्यापासून सुमारे १ सेंमी. जाडीच्या चौकोनी कांबी ओढत. कांब लाल तापवून, एक टोक पक्के धरून पिळत. शेजारची कांब उलट दिशेने पिळलेली असे. अशा दोन ते चार कांबी कडेला कडा लावून सांधल्या की पट्टी तयार होई. ती गजाभोवती मळसूत्री गुंडाळून सांधे ठोकून बंद करीत. सांध्यात मळी अडकली तर नळीवर करडे ठिपके राहतात. ते सहसा धोक्याचे नसतात, पण घासून जात नाहीत. इंग्रजी बंदुकांच्या पुष्कळ कच्च्या नळ्या बेल्जियममधील लीएजजवळच्या व्हेझ्‌द्र खोर्‍यातून येत. पहिल्या महायुद्धानंतर हा धंदा जवळजवळ संपला.

परीक्षा : लंडन व बर्मिंगहॅम येथील प्रूफ हाउसचे (जादा दाबाचा बार उडवून नळीची मजबुती तपासणार्‍या संस्थांचे) शिक्के नळीच्या बुडाशी खालच्या बाजूस असतात. ‘१२ बोअर’ म्हणजे एका पौंड शिशाच्या १२ समान गोळ्या केल्यास त्यांतील एकीचा व्यास, तो १८.५ मिमी. भरतो. शिक्क्यातील मापापेक्षा नळी आतून सुमारे ०.२५ मिमी. मोठी झाली की ती प्रूफबाह्य ठरते, आणि १८६८ च्या कायद्यानुसार अशी बंदूक ब्रिटनमध्ये विकणे गुन्हा आहे. सर्वांत पातळ जागी ०.५ मिमी. जाडी ही व्यवहारातील किमान मर्यादा मानतात. दमास्कस म्हणजे हमखास फुटणारी नळी, हा समज चुकीचा आहे. धूरविरहित दारूची परीक्षा पार केलेल्या अशा नळ्या पुष्कळ आहेत. तरी केवळ काळ्या दारूचा शिक्का असलेल्या नळीत आजचे काडतूस घालू नये. घर (काडतूस बसते तो भाग) बहुधा ६५ मिमी.चे असते, त्यात ७० मिमी.चे काडतूस बसलेले दिसते, पण बार उडताना त्याचे उघडणारे तोंड पुढील अरुंद भागात अडून दाब वाढतो.

जीर्णोद्धार : प्रथम नळ्या टांगून लाकडी दांडीने हलक्या ठोकाव्यात. घंटेसारखा आवाज आला तर पट्टीचा डाख शाबूत. बद्द आवाज आला तर डाख सुटला आहे व पट्टीखाली गंज धरला असण्याची शक्यता आहे. पोचा आला असल्यास आत मापाचा गुळगुळीत डाट घालून बाहेरून हलके ठोके देत तो काढतात. आतून घासून तो लपवणे म्हणजे जाडी गमावणे. बुडाशी फट पडली असेल तर सांध्यावर दिव्याची काजळी धरून नळ्या मिटतात. काजळी जिथे पुसली जाते तेवढीच जागा टेकलेली असते. यावर उपाय म्हणजे बिजागरीचा थोडा जाड खिळा किंवा आकड्यावर (नळ्यांखालचा, त्या खिळ्यात अडकणारा भाग) धातूची भर.

नळीचा रंग हे सर्वांत नाजूक काम होय. उकळत्या अल्कली क्षारांतील निळा रंग येथे वर्ज्य, कारण तो पट्टीचा मऊ डाख सोडवतो. दोन्ही तोंडे लाकडी बुचांनी बंद करून नळी चुन्याने तेलमुक्त करावी; नंतर उघड्या बोटाचा स्पर्शही डाग पाडतो. जवळजवळ कोरड्या फडक्याने गंजद्रावणाचा (मुद्दाम गंज आणणार्‍या द्रावणाचा) पातळ हात देऊन नळी दमट पेटीत ठेवतात. मऊ तांबूस गंज आला की स्वच्छ पाण्यात उकळतात, तो काळा होतो, मग बारीक तारेच्या ब्रशने उतरवतात. असे सहा ते दहा वेळा करावे लागते. लोखंड व पोलाद वेगवेगळ्या गतीने गंजत असल्याने नक्षी हळूहळू वर येते. द्रावण ओघळले तर पट्टे उमटतात आणि सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून तेल लावतात.

दस्ता अक्रोडाचा असतो. मनगटाशी (दस्त्याचा मुठीत धरण्याचा निमुळता भाग) लाकडाची रेघ सरळ जात नसेल तर तो तिथेच तडकतो. दाबलेली जागा ओले फडके व गरम इस्त्री यांच्या वाफेने वर येते. जवसाच्या तेलात रतनजोत मुरवून केलेले लाल तेल तळहाताने चोळतात. प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला नाही तर पृष्ठ चिकट राहते. स्क्रूच्या खाचा मूळच्या कामात नळीच्या रेषेत असतात. खाचेच्या मापाला घासून घेतलेला पेचकसच वापरावा.

भारत : कलकत्त्यातील मँटन व रॉडा या पेढ्यांमार्फत अशा बंदुका संस्थानिकांपर्यंत पोहोचल्या. शस्त्र अधिनियम १९५९ मधील कलम ४५ ची सवलत दुरुस्तीनंतरही वापरता न येणार्‍या जुन्या शस्त्रापुरती आहे. चालू स्थितीत आणलेल्या बंदुकीला परवाना लागतो. पावसाळ्यात चामड्याची पेटी ओल धरते. म्हणून नळ्या तेलाचा हात देऊन, तोंड खाली करून, हवा खेळेल अशा कुलूपबंद कपाटात ठेवाव्यात.